आत्याचा घास जरा मोठा

पाळणाघराच्या फॉर्मवर सव्विसावा प्रश्न होता, 'मूल स्वतःच्या हाताने जेवतं का?' मी 'हो'च्या चौकटीत बरोबरची खूण केली आणि सही ठोकून मोकळा झालो.

मी काही सराईत खोटारडा नाही. पण शेजारच्या खुर्चीत एक बाई आपल्या मुलाचा फॉर्म भरत होती आणि ती नुसती 'हो, हो, हो' करत सुटली होती. तिचं दिवटं म्हणे स्वतः जेवतं, स्वतः बूट घालतं, सांगितलं की स्वतः जाऊन झोपतं. आता परक्या देशात, असल्या बाईच्या मांडीला मांडी लावून 'आमच्या मुलीला जेवायला समुद्रापलीकडची आजी लागते' असं लिहायला माझा हात धजेना. मग मीही सगळीकडे 'हो' केलं. शी-शू सांगते का, यालाही 'हो' केलं. ते खोटं तर तिथल्या तिथे, माझ्या मांडीवरच उघडं पडलं, पण तो विषय वेगळा.

आमची मुलगी सव्वादोन वर्षांची आहे. कागदोपत्री तिचं चांगलं चार अक्षरी नाव आहे, पण आकार लहान आणि आवाज मोठा म्हणून घरात सगळे तिला लवंगी म्हणतात. लवंगी जेवत नाही, तिला जेवू घालावं लागतं. आणि हे खातं माझ्या आईकडे आहे. आई तिकडे एकटी राहते. आमच्याकडे दुपारचा एक वाजतो तेव्हा तिच्याकडे दिवेलागण झालेली असते. एकच्या ठोक्याला ती फोनच्या पडद्यावर अवतरते, साखरेच्या डब्याला टेकवलेल्या त्या फोनमधून लवंगीवर नजर रोखते आणि पाढा सुरू करते. "हा घास चिऊचा. हा घास काऊचा. हा मामाचा." आई तिकडून नाव घेते, बायको इकडून घास घालते, आणि लवंगी मधल्या मध्ये महाराणीसारखी तोंड उघडते.

चिऊ-काऊ सगळ्यांच्याच घरात असतात. आमची यादी पुढे लांबते. मामा, मावशी, वर गेलेले आजोबा, इस्त्रीवाला, जिन्यातली मांजर, आत्या, मग आई, मग बाबा. असे दहा. यातली आत्या म्हणजे माझी आत्या, आईची नणंद. चार वर्षांपूर्वी दोघींचं एका कुकरवरून फिसकटलं आणि तेव्हापासून बोलणं बंद आहे. पण घास बंद नाही. "आणि हा आत्याचा, जरा मोठा घाल गं," आई बायकोला बजावते, "नाहीतर म्हणेल, तिथेही हात आखडला."

या यादीत बदल चालत नाही. एकदा मी घाईघाईत मांजरीला गाळलं, तर लवंगीने गालात साठवलेला इस्त्रीवाला बाहेर काढून माझ्या शर्टावर ठेवला.

आता यात अडचण कुठे आली ते सांगतो. माझी बायको फिजिओथेरपिस्ट आहे. तिकडे तिचे हात लागले की म्हातारी माणसं काठी विसरून घरी जायची. इकडे आल्यावर कळलं की तिची पदवी इथे भिंतीला लावण्यापुरतीच आहे. मग तीन वर्षं तिने पुन्हा परीक्षा दिल्या. एका हाताने पाळणा हलवत, दुसऱ्या हातात पुस्तक धरत अंगातल्या एकूण एक स्नायूंची नावं नव्या भाषेत पाठ केली. एकदा नापासही झाली. आणि आता कुठे तिला हॉस्पिटलात नोकरी मिळाली होती. रुजू व्हायचं होतं पाळणाघराचे पहिले दोन आठवडे संपल्यावरच्या सोमवारी, सकाळी आठला.

पाळणाघराचा नियम असा होता की पहिले दोन आठवडे रुळण्यासाठी मूल दुपारपर्यंतच राहणार. दुसऱ्या शुक्रवारपर्यंत त्याने तिथे बसून एक पूर्ण जेवण केलं, तर सोमवारपासून दिवसभराची जागा. नाही केलं, तर पुढचे सहा महिने फक्त दुपारी साडेबारापर्यंत. आणि साडेबाराला सुटणारी नोकरी कुठलंच हॉस्पिटल देत नाही. शेजाऱ्यांकडे 'जरा बघता का हो' म्हणून मूल टेकवून जायची सोय इथे नाही. आमच्या शेजाऱ्याचं आडनाव आम्हाला दारावरच्या पाटीमुळे ठाऊक आहे, आणि त्याला आमचं लवंगीच्या आरडाओरड्यामुळे.

पहिल्या आठवड्यात रोज घरी एक चिठ्ठी आली. खेळ: उत्तम. आवाज: भरपूर. जेवण: शून्य. पाच चिठ्ठ्या, पाच शून्यं.

दुसऱ्या आठवड्याच्या सोमवारी मी लवंगीला आणायला गेलो. माझं कामाचं ठिकाण तिथून दोन गल्ल्या सोडून आहे, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत तिला घरी पोचवणं माझ्याकडे होतं. पाळणाघराच्या मुख्य बाईंनी मला बाजूला घेतलं. त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. उंचीला त्या माझ्या खांद्याला लागत होत्या, पण त्यांच्यासमोर उभं राहिलं की आपला गृहपाठ झालेला नाही असं आपोआप वाटायचं.

"घरी जेवते ना?" त्यांनी विचारलं.

"हो, हो. भरपूर."

"स्वतःच्या हातांनी?"

"म्हणजे… हात तिथेच असतात," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी लवंगीच्या टोपीची गाठ सोडून पुन्हा बांधली.

माझा धंदाच असा की या प्रकाराचं मला स्वतःलाच हसू यावं. मी कवळ्या बनवतो. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे ठसे येतात, आम्ही प्लास्टरचे जबडे ओततो, मेणात दात बसवतो, घासूनपुसून चकाचक कवळी करून पाठवतो. या गावातली निम्मी म्हातारी माणसं माझ्या जिवावर चावतायत. आणि माझ्या घरातले सोळा अस्सल दात उघडायलाच तयार नाहीत.

मंगळवारी मी बायकोला म्हणालो, "आज फोन नाही. ताट समोर ठेवायचं आणि गप्प बसायचं. भूक लागली की खाईल."

"तुला एवढी अक्कल कधी आली?" ती म्हणाली, पण तयार झाली. फोन खणात ठेवला. ताटात मऊ भात, गाजर, दही. लवंगीने ताटाकडे पाहिलं, साखरेच्या डब्याकडे पाहिलं, डब्याच्या मागे वाकून पाहिलं. मग तिने जो भोंगा लावला तो पाटीवरच्या आडनावापर्यंत पोचला असणार. दही भिंतीवर गेलं. गाजराचा एक तुकडा आजतागायत सापडलेला नाही.

तिकडे खणातला फोन वाजून वाजून थकला. मग बायकोचा फोन वाजायला लागला. आधी मामा, मग मावशी. आईने म्हणे सगळ्यांना कळवलं होतं की पोरं फोन उचलत नाहीत, काहीतरी बरंवाईट झालं. आणि त्यानंतर पडद्यावर जे नाव आलं ते पाहून मी खुर्चीत बसलो. आत्याचा फोन होता.

"अरे, तुम्ही ठीक आहात ना? तुझ्या आईने मला फोन केला! मला! म्हटलं कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं, आत्या. लवंगी जेवत नाहीये."

"मग नीट नावं घ्या की," आत्या म्हणाली. "माझं घेता ना?"

बुधवारी मोठ्या बाईंनी मला जेवणाच्या वेळी लवकर बोलावलं आणि दाराच्या काचेतून आत बघायला सांगितलं. आत बुटक्या टेबलाभोवती आठ पोरं बसली होती. सात जणं चमच्यांनी मारामारी केल्यासारखी खात होती. अर्धं तोंडात, अर्धं मांडीवर. आमची बया ताठ बसली होती. हात मांडीवर, तोंड मिटलेलं. मी समजत होतो की ती तिथेही आकांडतांडव करत असेल. तिने चमच्याला हातसुद्धा लावला नव्हता. ती एकेका बाईच्या तोंडाकडे बघत होती. एक बाई बोलायला लागली की लवंगी पुढे सरकायची, थोडं तोंड उघडायची. बाई दुसरंच काहीतरी बोलून निघून जायची आणि हिचं तोंड पुन्हा मिटायचं.

ती हट्ट करतच नव्हती. घास कुणाचा, ते कुणीतरी सांगेल म्हणून बिचारी वाट बघत होती. कुणाचं नाव न घेता खायचं नसतं, हे तिला आम्हीच शिकवलं होतं.

मी तिथल्या तिथे मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. फॉर्मवरची खूण, फोन, आई, साखरेचा डबा, सगळं. आणि खिशातल्या कागदावर त्यांच्या लिपीत दहा नावं क्रमाने लिहून दिली. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला.

"ही माणसं कोण?"

"नातेवाईक. म्हणजे पहिले दोन पक्षी आहेत. सातवी मांजर आहे."

"आणि यांचा जेवणाशी काय संबंध?"

हे मला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "काही नाही. पण तसं करतात."

"आम्ही इथे मुलांना भरवत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. रागाने नाही, सरळच. "एकीला भरवलं की आठांना भरवावं लागतं. शुक्रवारपर्यंत बघू या." आणि कागद घडी करून त्यांनी खिशात ठेवला.

त्या संध्याकाळी मी बायकोलाही फॉर्मचं सांगून टाकलं. ती ओरडली असती तर परवडलं असतं. ती हॉस्पिटलातून आलेल्या नव्या गणवेशाला इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी केली.

"दोन महिन्यांपूर्वी फॉर्म भरलास तेव्हाच मला कळलं असतं, तर मी तेव्हापासून सवय लावली असती," ती म्हणाली. "माझी तीन वर्षं आणि तुझी एक खूण."

मग तिने गणवेश घडी न करता तसाच कपाटात टांगला आणि दार लावून घेतलं.

गुरुवारी एक वाजता आईचा फोन आला तेव्हा मी घरीच होतो. लवंगी डब्यासमोर तयारच बसली होती. म्हटलं आता आईला सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. मी सांगायला लागलो आणि आईचा चेहरा बदलत गेला.

"म्हणजे मी बिघडवली म्हणायची तिला."

"तसं नाही गं आई."

"मग कसं? माझ्यामुळे हिची नोकरी जायची आणि तसं नाही?"

"आई, तुमच्यामुळे नाही," बायको पुढे होऊन म्हणाली. "तुमच्या मुलामुळे. त्याने फॉर्मवर खोटं लिहिलं."

"तो लहानपणापासून तसाच आहे," आई म्हणाली, आणि दोघींचं त्यावर एकमत झालं. मग आईने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. "थांबा जरा," म्हणाली आणि पडद्यावरून उठून गेली. आम्हाला तिची रिकामी खुर्ची आणि मागची भिंत दिसत राहिली. लवंगी "आज्जी! आज्जी!" करून टेबल बडवत होती.

आई परत आली ती हातात ताट घेऊन. पोळी, भाजी, भात. तिचं रात्रीचं जेवण होतं ते. ताट मांडीवर घेऊन ती बसली आणि म्हणाली, "लवंगे, आज मला भूक लागलीये. आज तू मला भरव."

लवंगी बघतच राहिली. मी तिच्या हातात चमचा दिला. तिने भाताचा घास उचलला, अर्धा वाटेत सांडला आणि उरलेला नेऊन थेट फोनच्या पडद्यावर दाबला. "चिऊ!"

"आऽऽ," आईने तिकडे तोंड उघडलं आणि आपल्या ताटातला घास खाल्ला. "छान आहे हो."

"काऊ!" दुसरा घास पडद्यावर. मामा, मावशी, आजोबा. आई दरवेळी भाताच्या आडून तोंड उघडत होती आणि चावून दाखवत होती. इस्त्रीवाल्यापर्यंत आईचं फक्त कपाळ दिसत होतं. मांजरीनंतर तेही दिसेनासं झालं, आवाज तेवढा येत होता. आत्याला लवंगीने आपणहून मोठा चमचा भरला. आई गेली, बाबा गेला. यादी संपली.

ताटात भात उरला होता. लवंगी चमचा हातात धरून विचारात पडली. पडद्यावर आता जागा नव्हती. तिने भातामागच्या आजीला हाक मारून बघितली.

"मी आहे गं इथेच," आतून आवाज आला.

मग तिने चमचा भरला. "आज्जी," म्हणाली आणि तो घास स्वतःच्या तोंडात घातला.

बायकोने माझा दंड इतका घट्ट धरला की पुढे दोन दिवस तिथे निळं होतं. लवंगीने चावलं, गिळलं आणि पुन्हा म्हणाली, "आज्जी." दुसरा घास. तिसराही आजीचाच. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आजवर आईने सगळ्या गावाचे घास घेतले, इस्त्रीवाल्याचासुद्धा, पण स्वतःच्या नावाचा एकही घेतला नव्हता.

"काय करतेय ती?" आईने विचारलं. "मला काही दिसत नाही रे."

"जेवतेय, आई," मी म्हणालो. "एकटी."

पलीकडून ताटाचा आवाज आला. "बरं," आई म्हणाली. "फोन पुसून घे. आणि आता काही दिवस मी एक वाजता फोन करत नाही. मी दिसले की पुन्हा आ करून बसेल."

शुक्रवारी मी कामावर एक अख्खा जबडा उलटा बसवला. साडेबाराला पाळणाघरात पोचलो तेव्हा मोठ्या बाई दारातच उभ्या होत्या. त्यांच्या गळपट्ट्यावर भाताची दोन शितं होती.

"तिने आधी मला भरवलं," त्या म्हणाल्या. "परवानगी न घेता. मी नको म्हणायला तोंड उघडलं, आणि तिने घातलाच."

"मग?"

"मग मी तुमचा कागद काढून बघितला. मी पहिला पक्षी होते." त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली. "त्यानंतर टेबलावरच्या प्रत्येकाचं काहीतरी नाव घेतलं आणि स्वतः खाल्लं. सगळं." चिठ्ठीवर खेळ उत्तम होता, आवाज भरपूर होता, आणि जेवणापुढे शून्य नव्हतं. मोठ्या बाईंनी मग फाइलमधून आमचा फॉर्म काढला, सव्विसाव्या प्रश्नावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे आता खरं आहे. शी-शूचं मात्र खोडून द्या."

मी खोडून दिलं.

सोमवारी सकाळी बायको गणवेश घालून साडेसातला घराबाहेर पडली. जिना उतरताना मागे वळून बघितलंही नाही, एवढी खूश होती. लवंगी पाळणाघरात गेली. मी कामावर गेलो, दोन जबडे ओतले, एका कवळीला पॉलिश केलं. साडेबाराला कुणाला आणायला जायचं नव्हतं. डबा उघडून बाकावर बसलो. समोरच्या फळीवर प्लास्टरचे तीस जबडे वाळत होते, सगळे तोंड उघडून.

एक वाजता फोन वाजला. आई. मागे तीच भिंत, तीच खुर्ची, केस विंचरून, रोजच्यासारखी तयार होऊन बसलेली.

"काय गं? काही झालं का?"

"कुठे काय. एक वाजला ना." तिने इकडेतिकडे बघितलं. "हात आपोआप गेला फोनवर. पोहोचली का सूनबाई वेळेवर?"

"पोहोचली. लवंगीही छान राहिली, रडली नाही."

"बरं झालं. बरं झालं." मग ती फोन काही ठेवेना. माझे वडील गेल्यापासून संध्याकाळच्या या एका तासातच काय ते तिला घर खायला उठत नव्हतं, हे माझ्या टाळक्यात आत्ता शिरलं. आणि तो तास मीच तिच्या हातून काढून घेतला होता, एका खुणेपायी.

"जेवलीस?" मी विचारलं.

"बसेन नंतर. तू जेवलास?"

"जेवतोय."

"दाखव डबा. तसाच तर आहे सगळा."

मी फोन प्लास्टरच्या पिशवीला टेकवून ठेवला. "आई, ताट घेऊन ये. आणि नावं घे."

"काहीतरीच काय. चाळिशी आली तुझी. लोक काय म्हणतील?"

"इथे कुणाला भाषा कळते?"

ती ताट घेऊन आली. पहिल्या दोन नावांना जरा लाजली, मग नेहमीचा आवाज लागला. चिऊ. काऊ. मामा. पलीकडच्या बाकावर मेणात दात बसवणारा माझा साथीदार काम थांबवून बघायला लागला. आजोबांचा घास आम्ही दोघांनीही जरा हळू खाल्ला. इस्त्रीवाला. मांजर.

"हा आत्याचा. मोठा घे."

"आता कशाला मोठा? बोलायला लागलात ना दोघी?"

"म्हणून तर मोठा. काल तासभर बोलली आणि शेवटी पुन्हा कुकरवर आली."

मी मोठा घेतला. मग बायकोचा घेतला, माझा घेतला. डब्यात एका घासाचा भात उरला होता.

"संपले सगळे," आई म्हणाली.

"एक राहिला. तुझा."

"माझा कशाला? मी काय परकी आहे?"

"आ कर," मी म्हणालो. तिने पडद्यात तोंड उघडलं, मी इकडे उघडलं, आणि समोरच्या फळीवरचे तीसही जबडे आ करून बघत राहिले.